आई-बाबा पंचाहत्तरीचे, बिल्डिंग चाळिशीची: पेठेत ठेवायचं की बाहेर हलवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की सदाशिव पेठेत खाली दुकानं आणि वर तीन मजले अशी 1980 नंतरची बिल्डिंग, आई-वडील तिसऱ्या मजल्यावर, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे, लिफ्ट नाही, विचारणारी मुलगी बंगळूरला. बिल्डिंगमधे रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू आहेत पण भिजत घोंगडं पडलंय. तोपर्यंत मुळशी रोडच्या बाजूला एका सिनिअर सिटिझन प्रोजेक्टमधे त्यांना हलवावं का, आणि पेठांचं एकूणच पुढे काही होणार आहे का, की तिथे पैसे अडकवणं चूक.

मी आर्किटेक्ट आहे, बरीच वर्षं पुण्यात रिडेव्हलपमेंटच्या कामात आहे, वाडे आणि सोसायट्या दोन्ही, आणि दोन-तीन ज्येष्ठांच्या प्रोजेक्टवर सल्लागार म्हणून काम केलंय. त्यामुळे दोन्ही बाजूंचे धंदे माहितीयत. माझं मत आधीच सांगून टाकतो, लगेच हलवू नका. आधी जिन्याचा प्रश्न सोडवा, मग रिडेव्हलपमेंटचे कागद बघा, आणि सिनिअर प्रोजेक्ट तिसरा नंबर. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

लोक काय करतात, शहराचा जुना भाग म्हणजे जुनाट आणि नवीन टाउनशिप म्हणजे ताजी असं धरून चालतात. पण वस्तीचं वय बिल्डिंगच्या वयावरून मोजू नका, तिथे राहणारी माणसं सगळी एकाच वयाची आहेत का ते बघा. एकाच वेळी, एकाच वयाची माणसं राहायला आली की ती सगळी एकाच वेळी म्हातारी होतात, आणि मग शाळा, दुकानं, सोसायटीची कमिटी, मेंटेनन्सचा फंड सगळं एकदमच आटतं. हे टाउनशिपलाही लागू आहे, बंगल्यांच्या सोसायट्यांनाही आणि पेठांनाही, फक्त पेठांच्या बाबतीत एक भानगड झालीय ती पुढे सांगतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेत फिनिक्सजवळ आहे. डेल वेब नावाच्या बिल्डरने 1 जानेवारी 1960 ला सन सिटी उघडली, रिटायर्ड लोकांसाठी वेगळं गाव, गोल्फ, क्लब हाउस, दुकानं, आणि लहान मुलं राहायला नाहीत. पहिल्याच वीकेंडला लाखभर लोक बघायला आले म्हणतात. साठीचे लोक आले, मजेत राहिले, आणि मग त्यांनीच शेजारच्या शाळांसाठी काढायचे कर्जरोखे मतदानात पुन्हा पुन्हा पाडले, कारण आपल्याला काय करायच्यात शाळा. शेवटी त्यांना त्या शाळा-जिल्ह्यातूनच वेगळं काढावं लागलं. पुढे क्लब हाउस जुनी झाली, स्विमिंग पूल गळायला लागले, आणि मेंटेनन्स वाढवू म्हटलं तर ठरलेल्या पेन्शनवर जगणारे लोक नाही म्हणणारच. मग त्यांनी घर रीसेल झालं की नवीन घेणाऱ्याकडून एकरकमी फी घ्यायची आणि ती दुरुस्तीच्या फंडात टाकायची असा मार्ग काढला. हा मुद्दा लक्षात ठेवा, मुळशी रोडच्या बाबतीत परत लागणार आहे.

आता त्याच फिनिक्सच्या डाउनटाउनचं काय झालं बघा. 1957 मधे शहराच्या मध्याच्या उत्तरेला पार्क सेंट्रल नावाचा मॉल झाला आणि मोठी दुकानं तिकडे गेली, पाठोपाठ गिऱ्हाईक गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं डाउनटाउन म्हणजे संध्याकाळी पाचनंतर ओस. स्टेडियम बांधून झालं, ऑफिसचे टॉवर बांधून झाले, दिवसा गर्दी व्हायची पण राहायला कोणी नाही. खरी हालचाल झाली ती 2006 ला अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने डाउनटाउनमधे कँपस उघडला आणि डिसेंबर 2008 मधे लाइट रेल सुरू झाली त्यानंतर. पोरं आली, मग खाण्याच्या जागा आल्या, मग राहायच्या बिल्डिंगी आल्या.

आता सदाशिव पेठेत नीट बघा, आपल्याकडे हे कोणी प्लॅन न करताच झालंय. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या (खाटेप्रमाणे भाडं घेतात त्या) खोल्या, झेरॉक्सची दुकानं, रात्री अकरा वाजता चहा. एमपीएससीची पोरं नसती तर सदाशिव आणि नारायण पेठेतले निम्मे वरचे मजले आज कुलपात असते, कारण मूळ घरातली मुलं कोथरूडला, तिथून बाणेरला आणि तिथून न्यू जर्सीला गेली. पोरांबद्दल तक्रारी भरपूर आहेत, गाड्या लावतात, पाणी जास्त लागतं, गॅलरीत उभं राहून फोनवर बोलतात, सगळं कबूल. पण पेठ सगळ्यांची एकदम म्हातारी झाली नाही याचं एक मोठं कारण ही पोरं आहेत. त्यांच्यामुळे पोळी-भाजी केंद्र चालतं आणि त्याच केंद्रातून तुमच्या आईला अडीनडीला डबा मिळतो. त्यांच्यामुळे औषधाचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहतं. तुमच्या आई-वडिलांना पाचशे मीटरच्या आत काय काय आहे त्याची यादी करा एकदा, डॉक्टर, रक्त तपासायला घरी येणारा लॅबवाला, पेन्शनची बँक जिथला माणूस नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला ओळखीने बसवून घेतो, भाजी, देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, नाट्यगृह. सिनिअर प्रोजेक्टच्या ब्रोशरमधे ज्याला अ‍ॅमेनिटीज म्हणतात त्या याच, फक्त इथे त्याचं वेगळं बिल येत नाही.

पण ज्या बिल्डिंगमधे जिना उतरता येत नाही तिथे हे सगळं पाचशे मीटरवर असून पाचशे किलोमीटरवर असल्यासारखंच आहे. म्हणून म्हणतो आधी जिना.

लिफ्ट बाहेरून बसवता येते का हे पहिल्यांदा बघून घ्या. जिन्याच्या लँडिंगला लागून मागच्या किंवा बाजूच्या मार्जिनमधे (बिल्डिंगभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत) स्टीलच्या फ्रेमची छोटी लिफ्ट बऱ्याच ठिकाणी बसते, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट, महापालिकेची परवानगी आणि लिफ्ट इन्स्पेक्टरचं लायसन लागतं. कधीकधी ती अर्ध्या लँडिंगवर उघडते, म्हणजे वर किंवा खाली आठ-नऊ पायऱ्या उरतात, तरी तीन मजल्यांपेक्षा बरं. टेक्निकल अडचणीपेक्षा घोडं नेहमी पैशावर अडतं, खालचे दुकानदार आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला लिफ्टचा काय उपयोग. तिथे भांडत बसू नका, वरच्या दोन मजल्यांनी खर्च उचलायचा आणि बाकीच्यांनी फक्त ना हरकत द्यायची असा ठराव करून घ्या, पुढे वापरायची असेल तर हिस्सा भरायचा. मार्जिनच नसेल, जे पेठेत नेहमीचं आहे, तर जिन्याच्या कठड्याला रूळ लावून खुर्ची वर-खाली जाते तसली चेअर लिफ्ट असते, जिन्याची रुंदी बरी असेल तर ती बसते. तेही जमत नसेल तर तिसरा सरळ उपाय, तिसरा मजला कॉट बेसिसवर द्या आणि त्याच गल्लीत तळमजल्याचा किंवा लिफ्टवाल्या बिल्डिंगमधला फ्लॅट भाड्याने घ्या. हे कोणाला सुचतच नाही, कारण स्वतःचं घर असताना भाड्याने राहायचं म्हणजे कमीपणा वाटतो. डॉक्टर तोच, भाजीवाला तोच, फक्त जिना गेला.

आता रिडेव्हलपमेंट. पहिला प्रश्न, तुमची बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट? लोकांना खरंच माहीत नसतं, पुण्यात तर अजिबात नसतं. रजिस्टर्ड सोसायटी असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खालची शासनाची 4 जुलै 2019 ची प्रक्रिया आहे, सभेला दोन तृतीयांश सभासदांचा कोरम, एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती, बिल्डर निवडीच्या सभेला रजिस्ट्रारचा प्रतिनिधी, व्हिडिओ शूटिंग वगैरे. 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड केलेलं असेल तर ही प्रक्रिया जशीच्या तशी लागू होत नाही आणि संमतीचा विषय जास्त किचकट होतो, वकील लागेल. दुसरा प्रश्न जमिनीचा. पेठेतल्या त्या काळच्या बिल्डिंगी बहुतेक वाडा पाडून झाल्यात, मूळ मालकाने खालची दोन दुकानं स्वतःकडे ठेवली आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून दिलंच नाही, आता त्याचे चार वारस चार गावांना. डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घ्यायचा, रस्ता आहे पण वेळ जातो. तुमचं घोंगडं भिजत पडलंय ते बहुतेक इथेच, बिल्डर कितीही गोड बोलला तरी प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं आहे ते आधी काढून बघा.

तिसरी गोष्ट, शनिवारवाडा किंवा पाताळेश्वरासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत तुम्ही आहात का. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर तिथे नवीन बांधकाम बंद आहे आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. शनिवारवाड्याभोवतीचे कित्येक वाडे यातच अडकलेत, मालक आणि भाडेकरू दोघंही तयार असून काही करता येत नाही, आणि दर पावसाळ्याच्या आधी महापालिकेची धोकादायकची नोटीस मात्र न चुकता येते. तुम्ही सदाशिव पेठेत आहात म्हणजे बहुधा सुटाल, पण मोजून घ्या.

वाड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल, कारण पेठांचं पुढे काय याचं उत्तर त्यात आहे. वाडे पडले ते लाकूड जुनं झालं म्हणून नाही पडले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, वीस-तीस रुपये भाड्यात कौलं कोण बदलणार, मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाडेकरूने केली तर मालकीचा दावा करेल म्हणून करू दिली नाही. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली पण वीस रुपयांवर 4 टक्के म्हणजे काय ते तुम्हीच काढा. मग दोघंही वाट बघत बसले, मालक वाडा पडायची आणि भाडेकरू बिल्डर यायची. बरेच भाडेकरू भीतीपोटी खोली सोडत नाहीत की वाडा पाडला तर हक्क गेला. 2014 मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही, त्यामुळे जीव धोक्यात घालून आत राहायची गरज नाही. भाडेपावत्या, लाइट बिलं, रेशन कार्ड, महापालिकेचा पंचनामा जपून ठेवा म्हणजे झालं.

आणि जिथे वाडा जाऊन बिल्डिंग झाली तिथे काय झालं? दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट, त्यात नियमाप्रमाणे पार्किंग द्यायचं म्हणजे सगळा तळमजला गाड्यांना गेला. पूर्वी रस्त्याला लागून ओटा होता, त्यावर माणसं बसायची, खाली एखादा शिंपी नाहीतर गिरणी होती. आता तिथे शटर आणि हायड्रॉलिक पार्किंग. माझ्या मते पेठेचं सगळ्यात जास्त नुकसान उंच बिल्डिंगींनी केलेलं नाही, या गाड्यांच्या तळमजल्याने केलंय. म्हणून तुमच्या रिडेव्हलपमेंटमधे खालचे दुकानदार म्हणजे कटकट असं समजून त्यांना पैसे देऊन घालवायचा प्रस्ताव आला तर विरोध करा. ते औषधाचं दुकान आणि डेअरी परत खाली आली पाहिजे, दोन गाड्या कमी बसल्या तरी चालतील, मंडईला आता भुयारी मेट्रो स्टेशन आहे, सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. स्टेशनपर्यंत धडका न खाता चालत जाता आलं पाहिजे हा भाग वेगळा. दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करतात, त्या दिवशी सत्तरीची माणसं किती बाहेर पडतात ते जाऊन बघा, मग उरलेले दिवस ती कुठे असतात ते कळेल.

रिडेव्हलपमेंटमधे तुमच्या आई-वडिलांना धोका एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचा, नाहीये, मधल्या काळाचा आहे. बिल्डर म्हणेल दोन वर्षं, तुम्ही साडेतीन-चार धरा. अकरा-अकरा महिन्यांचे करार, म्हणजे त्या वयात तीन वेळा सामान बांधायचं. आणि कटू आहे पण बोललं पाहिजे, बिल्डिंग रिकामी करताना असलेले सगळे ज्येष्ठ ताबा घ्यायला असतात असं नाही. त्यामुळे डीएमधे, म्हणजे बिल्डरशी होणाऱ्या करारनाम्यात, कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती वाढवून मिळतंय यावर जेवढं डोकं लावता तेवढं यावर लावा: भाडं ताबा मिळेपर्यंत, आगाऊ चेक देऊन, पंचाहत्तरीच्या पुढच्या सभासदांना त्याच पेठेत लिफ्टवाली जागा बिल्डरने शोधून द्यायची, सामान हलवायचा खर्च प्रत्येक वेळेचा, आणि प्रकल्पाच्या खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी, जी 79(अ) मधे आहे पण बिल्डर गोड बोलून टाळायला बघतो. रेरावर, म्हणजे घरबांधणी नियमनाच्या कायद्यावर, भिस्त ठेवू नका, रेराचं संरक्षण मुख्यतः नवीन विकायच्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकांना, मूळ सभासदांचं संरक्षण म्हणजे तुमचा करारनामा.

एक युक्ती सांगतो जी फार कोणी वापरत नाही. महारेराने 2024 मधे ज्येष्ठांच्या प्रोजेक्टसाठी आदर्श नियमावली काढली, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, दरवाजे किमान 900 मिलिमीटर, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात 12 पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, बाथरूममधे धरायला दांडे, न घसरणारी फरशी, गॅस गळतीचा अलार्म असं बरंच. ती नियमावली सिनिअर प्रोजेक्टसाठी आहे, पण तुमच्या डीएच्या स्पेसिफिकेशनमधे ती उचलून जोडायला कोणी अडवलेलं नाही. बिल्डरला त्याचा खर्च किरकोळ येतो, आत्ता सांगितलं तर. नंतर 750 चा बाथरूमचा दरवाजा 900 करायला भिंत फोडावी लागते.

जपानमधे तोक्योबाहेर तामा न्यू टाउन म्हणून आहे, 1971 पासून लोक राहायला गेले, सगळी तरुण कुटुंबं, पाच मजली लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगी. चाळीस वर्षांनी सगळे एकदम म्हातारे, वरच्या मजल्यांवर अडकलेले, शाळा बंद पडत गेलेल्या. तिथल्या सुवा नावाच्या भागात 640 घरांच्या जागी 2013 मधे 1249 घरं झाली, म्हणजे तुमच्याकडे चाललंय तेच. लिफ्ट तर मिळालीच, पण जास्तीची सहाशे घरं तरुण कुटुंबांनी घेतली आणि पोरंबाळं परत दिसायला लागली. म्हणून नवीन फ्लॅट विकताना तुमचा बिल्डर सगळे थ्री बीएचके काढतोय का हे बघा, काही छोटे वन बीएचके राहू द्यात. पेठेत भाड्याने राहणारी तरुण माणसं त्यातच येणार.

आता मुळशी रोड. सिनिअर प्रोजेक्ट वाईट असतात असं अजिबात नाही, पुण्यात तर अथश्रीसारखे प्रकल्प 2000 च्या दशकापासून आहेत आणि तिथे आनंदात राहणारे लोक मी बघितलेत. ज्यांचं आजूबाजूला कोणीच उरलेलं नाही, किंवा जोडीदार गेलाय आणि स्वयंपाक होत नाही, त्यांना ते उत्तमच. पण साठी-बासष्टीला गेलेल्यांना जे सुख मिळतं ते एकोणऐंशीला गेलेल्याला मिळेलच असं नाही, तोवर तिथले ग्रुप जमलेले असतात. आणि सेल्स ऑफिसमधे बाग, कॅरम, योगा हॉल दाखवतात, तुम्ही विचारायचं ते वेगळंच. रात्री दोन वाजता पडले तर कोण येतं, नर्स की वॉचमन, अँब्युलन्स गेटवर असते की शहरातून येते? आया ब्युरोची मावशी चोवीस तास घरात ठेवता येते का, ती जेवते कुठे, झोपते कुठे? विस्मरणाचा आजार सुरू झाला तर ठेवून घेतात की जा म्हणतात, करारात काय लिहिलंय? मेस आणि देखभाल चालवणारी कंपनी बिल्डरचीच का वेगळी, तिचा करार किती वर्षांचा, आणि ती निघून गेली तर? मालकी हक्काने घेतलात तर पुढे तुम्हाला वारस म्हणून मिळेल पण तुमचं वय बसत नसेल तर राहता येणार नाही, विकायचं तर गिऱ्हाईकही तेवढंच मर्यादित. आणि तो सन सिटीचा मुद्दा, लिफ्ट, जनरेटर, वॉटरप्रूफिंग पंधरा वर्षांनी बदलायला येतं तेव्हा पैसा कुठून येणार, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा) किती आहे, मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद मागा. देत नसतील तर चहा पिऊन घरी या.

जमलं तर आधी महिनाभर भाड्याने राहून बघू द्या, आणि तो महिना जुलै असू द्या, डिसेंबर नको, डिसेंबरात मुळशीला कोणालाही बरं वाटतं. उलट गणपतीचे दहा दिवस मात्र पेठेतून बाहेर काढाच, त्या आवाजात आणि बंद रस्त्यांत हृदयाच्या पेशंटला ठेवण्यात काही भक्ती नाही.

पेठेतच ठेवायचं ठरलं तर एक काम बिल्डिंगींनी मिळून करण्यासारखं आहे. न्यूयॉर्कला पेन साउथ नावाची 2820 घरांची को-ऑपरेटिव्ह सोसायटी आहे, तिथले रहिवासी जागच्या जागी म्हातारे झाले, तेव्हा 1986 पासून त्यांनी तिथेच नर्स, समाजसेवक आणि कार्यक्रम आणले, कोणाला हलवलं नाही. आपल्याकडे गल्लीतल्या पाच-सहा बिल्डिंगींनी वर्गणी काढून एक अर्धवेळ नर्स आणि एक प्लंबर-इलेक्ट्रिशियन-बँकेची कामं करणारा माणूस ठेवला तर माणशी खर्च सिनिअर प्रोजेक्टच्या महिन्याच्या मेंटेनन्सच्या जवळपासही जाणार नाही. अडचण एकच, पुढाकार घेणारा सत्तरीच्या आतला माणूस लागतो. अभ्यासिकेतल्या पोरांना विचारून बघा, अर्धवेळ काम हवंच असतं.

शेवटचं, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि तुम्हाला आवडेल असंही नाही. रिडेव्हलपमेंटच्या धांदलीत फ्लॅट आत्ताच मुलीच्या, म्हणजे तुमच्या, नावावर बक्षीसपत्राने करून टाकू, सह्या करायला सोपं पडेल, असं कोणीतरी सुचवेल. आई-वडील हयात असेपर्यंत करू नका, इच्छापत्र आणि कामापुरतं कुलमुखत्यारपत्र पुरतं. करायचंच असेल तर शेवटपर्यंत सांभाळायची अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहा, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागायचं तर ती अट लिहिलेली असणं फार महत्त्वाचं ठरतं.